जुनी दुनाळी बंदूक गनस्मिथने (बंदूक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने) दुरुस्तीत बिघडवली तर पैसे परत मिळतात का? तक्रार कुठे करायची?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची बारा बोअर दुनाळी चाप नीट करायला दिली, ती परत आली काळीकुट्ट चमकवून आणि आता दोन नळ्यांच्या मधली पट्टी सुटायलीय. अगदी हेच माझ्या बंदुकीचं झालंय, म्हणून लिहितोय. आधी एक काम करा, त्या बंदुकीतून आता एकही बार काढू नका. तक्रार वगैरे नंतर.

आमचं गाव जिंतूरकडं. बंदूक आजोबांची, बर्मिंगहॅमची जुनी बॉक्सलॉक (घोडे आत पेटीत असलेली), मग वडिलांच्या लायसन्सवर आली आणि त्यांच्यामागं माझ्या. इकडं रानडुकरं आणि रोही (नीलगाय) काय करतात ते हरभरा पेरणाऱ्याला विचारा. उजवी नळी मधेमधे मिस जायला लागली. कॅपवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाला ठोक्यानं पेटणारी टोपी असते तिच्यावर, ठोका हलका पडायचा, म्हणजे स्प्रिंग थकली, हे जुन्या बंदुकीत होतंच. आमच्या दाजींनी एका मोठ्या शहरातलं दुकान सांगितलं, स्वस्त करतो, लवकर देतो, चकाचक करतो. (केस चालू आहे म्हणून दुकानाचं आणि शहराचं नाव लिहीत नाही.) मी स्वतः घेऊन गेलो आणि तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून दिलं की फक्त उजव्या बाजूची स्प्रिंग बघा, नळ्यांना हात लावू नका. हाव म्हणाला. आठ दिवसांचा वायदा होता.

आठ दिवसाचे महिने झाले. त्यात २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ठाण्यातून फोन, बंदूक जमा करा. मी म्हणलं दुरुस्तीला आहे, तर जमादार म्हणाले पावती दाखवा, आणि माझ्याकडं काय, तर दुकानदारानं साध्या कागदावर दिलेली चिठ्ठी, तिच्यावर ना लायसन्स नंबर ना बंदुकीचा नंबर. चौकशी केली तेव्हा कळलं की पठ्ठ्यानं रजिस्टरला नोंदच केली नव्हती. लोकांच्या लायसन्सशी हा खेळ आहे हो! बंदूक माझ्या नावावर, ती कुठंय हे कागदावर कुठंच नाही, आणि उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर पोलीस माझ्या दारात येणार, त्याच्या नाही.

बंदूक शेवटी मिळाली ती आरशासारखी काळी. म्हणे साहेब, ब्लूइंग (नळीवर काळा थर चढवणं) फ्री करून दिलं. कोणी मागितलं होतं? नळ्यांवरचे प्रूफचे शिक्के (नळी चाचणीत पास झाली की मारतात ते) बफ मारून मारून पुसट झालेले, नक्षीच्या कडा गेलेल्या. आणि ज्यासाठी दिली होती ती स्प्रिंग तीच जुनी! तिला हात न लावता यानं कॅपवर ठोका मारणारी पिनच बदलली, लांब आणि टोकदार बसवली, म्हणजे ठोका खोल पडेल. बार सुटायला लागला हे खरं, पण कॅप फाटायला लागली. पिनचं टोक गोल का असतं? कॅप दबावी, फुटू नये म्हणून. फुटली की गॅस मागं येतो आणि मागं तुमचा डोळा असतो.

आता पट्टीचं, कारण तुमचा प्रॉब्लेम तोच आहे. दुनाळीच्या दोन नळ्या आणि वरखालच्या पट्ट्या, ज्याला रिब म्हणतात, त्या कथील-शिशाच्या सोल्डरनं झाळलेल्या असतात. हॉट ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक आणि नायट्रेटच्या उकळत्या पाण्यात नळी बुडवायची, साधारण १४० डिग्रीला. हा दुकानदार मला म्हणतो, सोल्डर तर १८० च्या वर वितळतं, मग माझ्यामुळं कसं सुटेल. अरे पण वितळायचा प्रश्नच नाही, कॉस्टिक सोल्डरला खातं! शिवाय ते क्षार रिबच्या खाली अडकून बसतात, पावसाळा आला की ओल धरतात आणि आतून गंज सुरू, वरून नळी काळीभोर आणि पोटात कीड. माझ्या नळीच्या सांध्यातून पांढरी पूड यायला लागली तेव्हा कळलं. म्हणून जुन्या दुनाळीला रस्ट ब्लूइंगच करतात, हळूहळू गंज चढवायचा, पाण्यात उकळायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, परत तेच. दिवस लागतात, मेहनत लागते, म्हणून हे लोक करत नाहीत.

हैदराबादकडच्या एका वयस्कर मिस्त्रीनं माझी बंदूक सावरली. रिब पूर्ण काढली, आतला क्षार धुतला, परत झाळली, पिन गोल केली, स्प्रिंग नवी घातली. त्यांनीच शिकवलं, नळ्या सुट्या करून हुकाला दोरीनं टांगायच्या आणि बोटाच्या पेरानं टकटक करायचं. सोल्डर धड असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो, सुटलं असेल तर बद्द आवाज येतो नाहीतर झणझण करते. तुम्ही आजच करून बघा, आणि त्याचा व्हिडिओ काढा, पुरावा होतो.

तक्रारीचं दोन ठिकाणी. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विक्रीच नाही तर दुरुस्तीलाही वेगळं लायसन्स लागतं, म्हणून आधी त्या दुकानाच्या लायसन्सवर दुरुस्ती आहे का हे विचारा, आणि नोंद नसेल तर लायसन्स देणाऱ्या ऑफिसला लेखी द्या, कलेक्टर ऑफिस किंवा शहर असेल तर पोलीस आयुक्तालय. माझा अर्ज गेल्यावर याच माणसानं फोन करून मजुरी परत केली, आधी फोनसुद्धा उचलत नव्हता. दुसरं, जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानाच्या शहरात चकरा नकोत. २ वर्षांच्या आत करायची, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही. बिल दिलं नसेल तरी फोनपेची एंट्री, व्हॉट्सॲप, आधीचे फोटो चालतात. माझी हैदराबादच्या कामाच्या खर्चासाठी केस चालू आहे. तुम्हाला पूर्ण पैसे मिळतील का हे मी सांगू शकत नाही, पण सोडू नका.

आता आमचे दाजी आजही म्हणतात की "गोळी तर सुटायली होती ना, उगीच भांडलास, काम चकाचक केलं होतं". लग्नाकार्यात चार लोकांसमोर हाच विषय काढतात. त्यांना आणि असं म्हणणाऱ्या सगळ्यांना माझं एकच उत्तर, जो मिस्त्री न विचारता पॉलिश करतो तो आतलं काम लपवतो. बंदूक म्हणजे शोकेसमधली वस्तू नाही. चमक बघून मिस्त्रीची शिफारस करणाऱ्या नातेवाइकाचं ऐकायचं नाही, मग तो कितीही मोठा असो, मानपान जेवणाच्या पंगतीत ठेवा.

सगळेच गनस्मिथ असे आहेत असं नाही. एकनाळी असेल आणि तिला झाळलेली रिब नसेल तर हॉट ब्लूइंगनं तसं बिघडत नाही, त्यामुळं तशी बंदूक वाल्यांनी घाबरू नये. आणि चांगल्या मिस्त्रीकडं वेळ लागतोच, त्याला घाई करू नका.

हां, आणि दुसऱ्या कुणाकडं न्यायच्या आधी आहे त्या अवस्थेत फोटो काढा, उडवलेल्या काडतुसांच्या खाली फाटलेल्या कॅप असतील तर ती टरफलं फेकू नका. नवीन ठिकाणी देताना पावतीवर तुमचा लायसन्स नंबर, बंदुकीचा नंबर आणि "ब्लूइंग करायचं नाही" हे तिन्ही लिहून सही घ्या, आणि रजिस्टरची नोंद तुमच्या डोळ्यांसमोर करायला लावा, नाही म्हणाला तर बंदूक उचलायची आणि घरी यायचं.