रोजच्या व्यवहारातलं जगातलं सर्वात मोठं नाणं कोणतं, आणि ते एवढं मोठं का होतं?

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशच्या खिडकीत. त्यामुळे तुमचा प्रश्न पाहून राहवलं नाही.

सरळ उत्तर: स्वीडन. १६४४ साली तिथे दहा डालरचं (डालर हे तिथलं तेव्हाचं चलन) नाणं निघालं, त्याचं वजन सुमारे १९ किलो ७०० ग्रॅम. टंकताना चूक झालेली नाही, किलोच.

मुलीकडे स्टॉकहोमला गेलो होतो तेव्हा हे पत्रानाणं संग्रहालयात काचेआड पाहिलं. गोल नाही. तांब्याचा जाड आयताकृती पत्रा, साधारण ७० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद. चार कोपऱ्यांत क्रिस्तिना राणीच्या नावाचे चार शिक्के, मधोमध किमतीचा पाचवा. सौ. म्हणाली, "हा तर बंबाचा पत्रा!" मला आमच्या स्ट्राँगरूममधल्या चिल्लरच्या पिशव्या आठवल्या आणि कंबर दुखू लागली.

असला उद्योग का केला? स्वीडनकडे चांदी बेताची, तांबं मात्र उदंड. फालूनची खाण त्या काळी युरोपातली सर्वात मोठी तांब्याची खाण होती. (स्वीडनच्या फोटोंत दिसणारी ती लाल लाकडी घरं आहेत ना, तो रंगही याच खाणीच्या मातीतून येतो.) सगळं तांबं बाजारात ओतलं तर भाव पडणार. मग काही तांबं नाणी पाडून घरातच फिरवायचं, अशी ही शक्कल. अडचण एकच. नाण्यावर जी किंमत, तेवढ्या किमतीचा धातू नाण्यात असलाच पाहिजे, असा तेव्हाचा हिशेब. चांदी तांब्याच्या जवळजवळ शंभरपट महाग, म्हणजे चांदीच्या एका डालरच्या जागी दोन किलो तांबं आलं.

दहाचा पत्रा घेऊन कोणी भाजीला जात नसे, हे खरं. तो पाडणंही लवकरच थांबलं. पण अर्धा, एक, दोन, चार डालरचे पत्रे अठराव्या शतकातही चालत होते. पुढे वजन उतरत गेलं, तरी एक डालर म्हणजे पाऊण किलो! १७७६ च्या चलनसुधारणेत ते बाद झाले. त्या काळात तिथे कॅशियर असतो तर पहिल्याच आठवड्यात राजीनामा दिला असता.

खरी गंमत १६६० नंतरची. तांब्याचा भाव चढला म्हणून सरकारने नव्या पत्र्यांचं वजन घटवलं. साहजिकच जुने जड पत्रे मोडीत जास्त मोलाचे झाले आणि लोक स्टॉकहोमच्या बँकेत आपापले जुने पत्रे परत मागायला धावले. बँकेने तर ते पैसे कर्जाऊ देऊन टाकलेले. तेव्हा बँकेचा प्रमुख योहान पाल्मस्ट्रुक याने १६६१ मध्ये पत्र्यांऐवजी कागदी चिठ्ठ्या दिल्या. युरोपातल्या पहिल्या बँकनोटा त्या ह्याच. लोकांना त्या फारच आवडल्या. वीस किलोऐवजी खिशात कागद, कोणाला नको? पाल्मस्ट्रुकने मग हात सैल सोडून नोटा काढल्या, काही वर्षांत बँक बुडाली आणि त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली. ती पुढे तुरुंगवासावर निभावली. या बुडालेल्या बँकेच्या जागी १६६८ मध्ये जी बँक आली, ती आजची स्वीडनची मध्यवर्ती बँक.

या पत्र्यांचा आपल्या देशाशीही संबंध आहे. 'निकोबार' नावाचं डॅनिश जहाज हिंदुस्थानकडे निघालं असताना १७८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं. १९८७ मध्ये त्यातून सुमारे ३,००० पत्रे वर काढले गेले. ते इकडे नाणी म्हणून नव्हे, निव्वळ तांबं म्हणून येत होते.

पॅसिफिक महासागरातल्या याप बेटावर पैसा म्हणून वापरलेल्या दगडी चकत्या याहून कितीतरी मोठ्या, पण त्या लग्नकार्यात नाहीतर भांडण मिटवताना द्यायच्या. त्यांनी कोणी मासळी घेत नसे, म्हणून त्या मोजल्या नाहीत.

गोल नाण्यांत मला इंग्लंडची १७९७ ची दोन पेनी आवडते. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर पाडलेली, ४१ मिलिमीटर रुंद, बरोबर दोन औंस वजनाची. लोक तिला 'गाडीचं चाक' म्हणत. एक पेनी बरोबर एक औंस, त्यामुळे तराजूत वजन म्हणूनही चाले. आपल्याकडेही चांदीचा बंदा रुपया म्हणजे एक तोळा, असे ऐंशी रुपये म्हणजे एक शेर. आणि जाडजूड तांब्याच्या ढब्बू पैशाचं नाव आपण अजून मिरचीत जपून ठेवलंय.

धातू छापील किमतीपेक्षा महाग झाला की नाणं गायब होतं, हे आपणही पाहिलंय. आपलं ते जुनं नऊ ग्रॅमचं जाड पाचचं नाणं आठवतं? ती नाणी ब्लेड बनवायला चोरट्या मार्गाने बांगलादेशात जातात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास छापून आल्या होत्या. ऑस्ट्रेलियाचंही तेच झालं. १९६६ चं पन्नास सेंटचं गोल नाणं ८० टक्के चांदीचं होतं. चांदी महागली आणि ते बंद करावं लागलं. १९६९ पासूनचं बाराकोनी नाणं तांबं-निकेलचं आहे, तरी साडेपंधरा ग्रॅम भरतं. आपल्या दहाच्या नाण्याच्या दुप्पट!

आज हातात धरायचं असेल तर स्वित्झर्लंडचं पाच फ्रँकचं पाहा. ३१ मिलिमीटरहून रुंद, १३.२ ग्रॅम, आणि दुकानात सर्रास चालतं. तिकडच्या आपेनझेल भागात ते मातीच्या वाडग्यात सोडतात आणि वाडगा हलकेच फिरवत राहतात. नाणं कडेकडेने धावत एकसारखं घुमत राहतं आणि त्या नादावर गाणी म्हणतात. आपलं दहाचं नाणं मी कुंडीखालच्या बशीत फिरवून पाहिलं. तिसऱ्याच फेरीला आडवं पडलं.