मुंबई महापालिकेकडे हजारो कोटींच्या ठेवी आहेत, मग तिची आर्थिक तब्येत ठणठणीत आहे असं समजायचं का?

नुसत्या ठेवींवरून नाही. त्यातला बराच पैसा कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा यांचा असतो. तो पालिकेच्या तिजोरीत असला तरी पालिकेचा नसतो. उरलेल्यातून आधीच हाती घेतलेल्या कामांची देणी वजा करा, मगच खरा आकडा दिसतो.

मी सगळ्यात आधी पाहतो ते स्वतःचं उत्पन्न. 1 जुलै 2017 ला जकात गेली आणि हक्काचा सगळ्यात मोठा झरा आटला. त्याच्या जागी राज्याकडून भरपाई येते, पण तिचा दर पालिका ठरवत नाही. मालमत्ता करात 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून माफी आहे. म्हणजे महसुली खर्चापैकी (पगार, देखभाल असा रोजचा खर्च) किती भाग आपल्या कमाईतून भागतो, हे दरवर्षी तपासायला हवं.

दुसरं, अंदाज आणि प्रत्यक्ष. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. फेब्रुवारीत मथळे याच आकड्याचे होतात. वर्षअखेर त्यातले किती खर्च झाले, याची बातमी क्वचितच येते. मला हेच खटकतं. मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं सभागृहच नव्हतं, तेव्हा तर प्रश्न विचारायला नगरसेवकही नव्हते.

अर्थसंकल्पाची पुस्तकं पालिकेच्या संकेतस्थळावर मिळतात. सुधारित अंदाजाचा (वर्षाच्या मध्यावर बदललेल्या आकड्यांचा) रकाना उघडा, तिथून सुरुवात करा. आणि आपल्या वॉर्डाचा खर्च नगरसेवकाकडे लेखी मागा.