भांगेचं गिऱ्हाईक की ग्राही?

गुहागरच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांची मुलगी बी.फार्मला आहे, कॉलेजच्या अंकासाठी मराठीत लेख लिहितेय, विषय कॅनाबिनॉइड रिसेप्टरवर (म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी गांजा-भांगेतले पदार्थ जाऊन बसतात, त्यांवर) चालणारी औषधं, आणि तिने या रिसेप्टरला 'भांग ग्राहक' म्हटलंय, ते चालेल का?

ताई, नका हो चालवू. 'भांग ग्राहक' वाचून आमच्या नाक्यावरच्या माणसाला वाटेल की भांगेचं गिऱ्हाईक आलं. तसा 'ग्राहक' शब्द व्याकरणाने चुकीचा नाही, आपण गुणग्राहक म्हणतोच की, पण एकटा आला की तो बाजारातलाच वाटतो. 'ग्राही' बरा, परिभाषेत रुळलेलाही आहे.

आणि 'भांग' तर काढूनच टाका. भांग म्हणजे पानं, गांजा म्हणजे शेंडे-फुलं, चरस म्हणजे चीक, कायद्यानेही (१९८५चा, अमली पदार्थांचा) हे वेगळे धरलेत. शिवाय हे ग्राही काही भांगेसाठी बनलेले नाहीत, शरीर स्वतःच त्यांच्यासाठी पदार्थ बनवतं. त्यातला पहिला पदार्थ १९९२ मध्ये जेरुसलेमला रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांच्या गटाला सापडला आणि त्यांनी नाव ठेवलं चक्क संस्कृतावरून, आनंद अधिक अमाइड (हा रसायनाचा एक प्रकार). आणि आपले लोक ते इंग्रजीतून वाचून 'अ‍ॅनॅन्डमाइड' लिहितात! घरचाच शब्द, ओळखला नाही. मुलीला सांगा 'आनंदामाइड' लिही म्हणून.

समजवायला कुलूप-किल्ली सगळेच वापरतात, मला कोयंडा जास्त पटतो. आमच्या मागच्या दाराच्या कोयंड्यात पोरं खेळता खेळता हिराच्या काड्या कोंबून ठेवतात, मग रात्री कुलपाची दांडी आत जातच नाही, आई बोंबलते. कोयंडा म्हणजे ग्राही, कुलूप म्हणजे आनंदामाइड. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारा पदार्थ, हे त्याच मापाचं दुसरं कुलूप, बसतं बरोबर. आणि काड्या म्हणजे रोधक औषध, स्वतः काही करत नाही, जागा अडवून बसतं.

रिमोनाबँट हे वजन कमी करायचं औषध साधारण याच जातीचं, ते सीबी१ ग्राही (कॅनाबिनॉइड ग्राहींचा एक प्रकार) अडवायचं म्हणजे भूक कमी, वजन कमी, २००६ला युरोपात आलं. पण सीबी१ मेंदूत भरपूर, तिथेही काड्या बसल्या, लोकांना नैराश्य यायला लागलं, आत्महत्येचे विचारसुद्धा, २००८ला विक्री थांबवावी लागली. आनंदाचंच दार अडवलं म्हटल्यावर दुसरं काय होणार, असं मला उगाच वाटतं, शास्त्र इतकं सोपं नाही म्हणा. त्यानंतर मेंदूत न शिरणारे रोधक बनवायची खटपट सुरू झाली, आणि सीबी२ या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींवरही काम चालतं, ते मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असतात.

तर लेखात पहिल्यांदा 'कॅनाबिनॉइड ग्राही म्हणजे रिसेप्टर' असं एकदा लिहायचं, पुढे नुसतं ग्राही. कॅनाबिनॉइडचं भाषांतर नको. आणि तो ग्राही, ते ग्राही, अनेकवचन तेच राहतं, 'ग्राह्या' करू नका.