‘सिव्हिल वॉर’ (२०२४) बघून काही प्रेक्षक भारावले आणि काही वैतागले, असं का झालं?

ट्रेलरने एक कबूल केलं आणि सिनेमाने हातावर दुसरंच ठेवलं, हे पहिलं कारण. ट्रेलरमध्ये हेलिकॉप्टर, रणगाडे, राजधानीवर चालून येणारं सैन्य. लोक युद्धपट बघायला गेले. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स गारलंडने दाखवला यादवी युद्ध पेटलेल्या अमेरिकेत न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला गाडीने निघालेल्या चार पत्रकारांचा प्रवास; मोठी लढाई थेट शेवटी. अमेरिकेत पहिल्या वीकेंडला अडीच कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला, सिनेमा काढणाऱ्या ए२४ कंपनीसाठी तोवरचा सर्वांत मोठा. पण पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना विचारून ठरणारी सिनेमास्कोअरची श्रेणी आली ‘बी मायनस’. त्यात कंपनीने एआयने बनवलेली पोस्टर्स टाकली, ज्यातली दृश्यं सिनेमात नव्हतीच. चिडलेल्यांच्या हाती आयतं कोलीत!

खरी वादावादी मात्र राजकारणावरून झाली. राष्ट्राध्यक्ष तिसऱ्यांदा खुर्चीला चिकटलाय, एफबीआय बरखास्त केलीय, एवढं ओझरतं कळतं. त्याच्याविरुद्ध टेक्सास आणि कॅलिफोर्निया एकत्र! एक रिपब्लिकनांचा गड, दुसरा डेमोक्रॅट्सचा. तिथलं राजकारण जाणणाऱ्याच्या हे गळी उतरणं कठीण. ठिणगी कशी पडली, सिनेमा सांगत नाही. निवडणुकीच्या वर्षात असा सिनेमा काढायचा आणि बाजू घ्यायची नाही, म्हणजे दिग्दर्शक कातडी वाचवतोय, असं अनेकांचं म्हणणं पडलं.

मला हे अर्धंच पटतं. एका प्रसंगात नाताळच्या सजावटीच्या मैदानात दोन सैनिक गवतात पडून समोरच्या घरावर बंदूक रोखून आहेत. एकाची नखं रंगवलेली. पत्रकार विचारतो, तुम्ही कोणाच्या बाजूचे, हुकूम कोणाचा? उत्तर साधारण असं: तिकडून कोणीतरी आम्हाला मारायला बघतोय, आम्ही त्याला. विचारणाराच त्यांना खुळा वाटतो. म्हणजे प्रेक्षक जो प्रश्न मनात धरून बसलाय, तोच पडद्यावर विचारून उडवून लावलाय. हे नजरचुकीने होत नाही.

पेट्रोल पंपावरचा प्रसंगही बघा. चौघांतली फोटोग्राफर ली पेट्रोलसाठी ३०० डॉलर देऊ करते. पंपवाला म्हणतो, तेवढ्यात सँडविच येईल. ती म्हणते, कॅनेडियन डॉलर. लगेच सौदा पटतो. देशाच्या अर्थव्यवस्थेचं काय झालंय ते सांगायला दुसऱ्या कोणाला भाषण ठोकावं लागलं असतं.

आणि ज्यांना सिनेमा अजिबात आवडला नाही तेही लाल गॉगलवाल्या बंदूकधाऱ्याच्या भूमिकेतल्या जेसी प्लेमन्सबद्दल बोलतात. शेजारी प्रेतांचा खड्डा, आणि हा शांतपणे एकेकाला विचारतोय, तू कुठल्या प्रकारचा अमेरिकन? कोण कुठल्या राज्यातला ते ऐकून घेतो. ‘हाँगकाँग’ ऐकताच गोळी घालतो. हे बघूनही सिनेमाला काही म्हणायचंच नाही असं कोणाला वाटत असेल, तर नाइलाज आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. पकडलेल्या सैनिकांना गोळ्या घातल्या जातात तेव्हा मागे उडत्या चालीचं हिप-हॉप वाजतं आणि मधूनमधून फ्रेम गोठून देखणा फोटो दिसतो. पत्रकारांना चढलेली झिंग दाखवायची असेल, मान्य. पण तिथे सिनेमालाच ती चढल्यासारखी वाटते, आणि वैतागून उठलेल्यांशी माझं तेवढ्यापुरतं जमतं.