हातचा एक

भो, तुझा प्रश्न दोनदा वाचला. सेकंडहँड पीएस ४, म्हणजे प्लेस्टेशन, घेतला, त्यावर २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' अर्धा खेळलास, मग यूट्यूबवर जुन्या भागांच्या क्लिपा पाहिल्यास आणि तुला वाटलं की हा माणूसच वेगळा आहे. जुना क्रेटोस, म्हणजे या मालिकेचा नायक, ओरडतो नि कापतो. नवा धड बोलत नाही, पण पोटात काहीतरी दाबून बसलाय. तर हे आधीपासून होतं की लेखकांनी नंतर चिकटवलं, आणि पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मालिकांपैकी कोणत्या मालिकेत खरा दम असतो, असं तू विचारतोयस.

नंतर चिकटवलं. पण ज्याला चिकटवलं ते आपल्या हातांनी केलेलं होतं, म्हणून धरून राहिलं. आता सविस्तर लिहितो. शेवट फोडणार आहे, तेव्हा 'रेड डेड रिडेम्प्शन २' वगैरे खेळायचे असतील तर इथूनच मागे फिर.

मी यावल तालुक्यातला. कॉलेजला जळगावला एसटीनं यायचो आणि शेवटचे दोन तास बुडवून एका गेम पार्लरमध्ये बसायचो. साल २००६-०७ असेल. चिप बसवलेला पीएस २, तासाला पंधरा रुपये, आणि सगळ्या पोरांत मिळून आठ एमबीचं एकच मेमरी कार्ड. मंगळवारी आपण सेव्ह केलेला गेम गुरुवारी कोणीतरी पुढे नेलेला असायचा, नाहीतर पुसून टाकलेला. वरून लोडशेडिंग. त्यामुळे कथा सलग कोणालाच माहीत नव्हती. एकानं हायड्रा, म्हणजे अनेक डोक्यांचा राक्षस, मारलेला, दुसऱ्यानं पँडोराचं देऊळ पार केलेलं, तिसऱ्यानं शेवट पाहिलेला. बाहेर टपरीवर कट चहा घेताना तुकडे जोडायचे. क्रेटोस हे नाव कोणी घेत नसे. टकल्या. "टकल्यानी बायको कोनी मारी रे?" "त्यानीच मारी." बस, एवढ्यावर आमचं कथावाचन संपायचं.

आता बघ, बायको-मुलीला मारणं हे टकल्याचं सगळ्यात मोठं पाप. युद्धाचा देव एरीस, त्यानं फसवलं, त्यांची राख अंगाला चिकटली, म्हणून तो पांढराफटक. पण ते पाप आपल्याला *सांगितलं* जातं. आपण ते करत नाही. म्हणून पार्लरमध्ये कोणाच्या मनाला ते लागलं नाही. लागलं ते वेगळंच. पहिल्या भागात एक पिंजरा आहे, त्यात एक सैनिक अडकलेला. आमच्याकडची कॉपी अमेरिकी आवृत्तीची होती, तिच्यात तो जिवंत आहे आणि गयावया करतो. पुढचं दार उघडायला बळी लागतो. तो पिंजरा तू चढावर ढकलत नेतोस, मध्ये राक्षस येतात, त्यांना मारून पुन्हा ढकलतोस, आणि शेवटी त्याला जाळतोस. दुसरा रस्ताच नाही. आम्ही हसलो होतो. पण इतकी वर्षं झाली, हायड्रा कसा मारला ते आठवत नाही, तो पिंजरा आठवतो.

शाळेतली बेरीज आठव. सात आणि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक. माझं म्हणणं एवढंच आहे की लांब मालिकेतलं पात्र खोल होतं ते या हातच्यामुळे. आधीच्या घरातला आकडा पुढच्या घरात धरला गेला पाहिजे. आणि गेममध्ये तो आकडा खेळणाऱ्याच्या अंगठ्यातून आलेला असतो, सिनेमात ही सोय नाही.

क्रेटोसच्या लेखकांनी हे एका रात्रीत शोधलं नाही. २००८ साली पीएसपीवर, म्हणजे हातात धरायच्या प्लेस्टेशनवर, याच मालिकेतला 'चेन्स ऑफ ऑलिंपस' आला. त्यात टकल्याला मेलेली मुलगी स्वर्गात भेटते. जग वाचवायचं तर तिला सोडून जावं लागणार, आणि ती बिलगते. तिला दूर लोटायला गोलाचं बटण धडाधड दाबायचं. तेच बटण, जे दाबून आतापर्यंत राक्षसांचे डोळे काढले. मग २०१० चा तिसरा भाग. शेवटी टकल्या बापाला, म्हणजे झ्यूसला, ठोसे मारतो आणि स्क्रीन लाल होत जातो. तू दाबत राहशील तोवर तो मारत राहतो. गेम थांबवत नाही, तूच थांबायचं.

हा भाग आम्ही मित्राच्या घरी पाच जणांनी खेळला. कंट्रोलर ज्याच्या हातात होता त्याला वाटलं, दाबणं सोडलं तर हरू. सगळा स्क्रीन लाल, कोणाला काही दिसत नाही, आणि हा दाबतोच आहे. शेवटी मागून एक जण म्हणाला, "सोड रे भो, मरी ग्या तो." सगळे हसले, पण जरा उशिरा हसले.

म्हणून २०१८ चा गेम लावलास की आधी हातांकडे बघ, संवाद नंतर. जुन्या भागांत चौकोनाचं बटण म्हणजे साखळीच्या तलवारींचा हलका वार. हजारो वेळा दाबलेलं. नव्यात तेच बटण दाबलं की मुलगा, अट्रियस, बाण मारतो. तलवार होती तिथे पोरगा आला. उडी मारायचं बटण काढून टाकलं. कॅमेरा मानगुटीपाशी आला आणि पूर्ण गेमभर कुठेही तुटत नाही. जुन्या भागांत कॅमेरा लांबून बघायचा, म्हणून माणसं मुंग्यांसारखी मारता यायची. दिग्दर्शक कोरी बार्लॉग, म्हणजे २००७ चा दुसरा भागही ज्यानं केला तोच माणूस. बाहेरून कोणी येऊन जुन्याला नावं ठेवली असं हे नाही. ज्यानं रक्त सांडायला लावलं त्यानंच वही उघडली.

मनगटाच्या पट्ट्या पाहिल्यास ना? त्याखाली साखळ्यांचे व्रण आहेत. पोरगा आजारी पडतो तेव्हा टकल्या घरी येऊन जमिनीखाली पुरलेल्या त्या तलवारी काढतो. नव्यानं खेळणाऱ्याला ते एक नवीन शस्त्र मिळतं, आग लागणारं, भारी. आम्हाला मात्र पार्लरचा वास आला. मी तेव्हा स्वतः बाप झालो होतो, रात्री दहाला आवाज कमी करून खेळत होतो, आणि तलवारी हातात आल्यावर अंगठे आपोआप जुन्या चालीवर गेले. लाज वाटली म्हणणं जास्त होईल. पण खूश झालो आणि त्या खुशीचं काय करावं कळेना, एवढं खरं. ते एखाद्या लेखकानं दहा पानं संवाद लिहून झालं नसतं.

आणि पोराचा आजारही कशाचा, तर बापानं खरं लपवल्याचा. देव असून स्वतःला माणूस समजतो, त्याचा अंगाला त्रास होतो. जुन्या भागांची आठवण इथे शोभेला ठेवलेली नाही, ती कथेला ढकलते. त्यापुढचा, २०२२ चा 'रॅग्नारॉक' मला यापेक्षा पातळ वाटला, पात्रं फार झाली आणि सगळे जण मनातलं बोलून दाखवतात. मात्र २०२३ च्या डिसेंबरात त्याला पुरवणी म्हणून फुकट दिलेला 'वल्हाला' चुकवू नकोस. टकल्या तिथे आपल्याच तरुण रूपासमोर उभा राहतो.

आता दुसरी मालिका, कारण एका उदाहरणावर सिद्धांत मांडला की लोक म्हणतात तुझं प्रेम आहे म्हणून. 'रेड डेड रिडेम्प्शन २', २०१८ चाच. साल १८९९, आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर. टोळीतला एक जण व्याजानं पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको, दारात वसुलीवाला उभा राहिला की घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो ते. डाउन्स नावाचा आजारी शेतकरी. तू बटण दाबून त्याला मारतोस, तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. मिशन संपलं, पैसे नंतर. तासन् तास तू घोडा पळवतोस, हरणं मारतोस, विसरून जातोस. आणि मग आर्थरला खोकला लागतो. क्षय. ती वसुली टाळता येत नाही, पिंजऱ्यातल्या सैनिकासारखीच. पुढे आर्थर त्या व्याजवाल्याला तळावरून हाकलतो, मेलेल्याच्या बायकोला मदत करू बघतो, पण झालेली बेरीज पुसली जात नाही.

घोड्याबद्दल एक अवांतर. आमच्यातला एक जण सारंगखेड्याच्या यात्रेला दरवर्षी जातो, घोड्यातलं त्याला कळतं. त्याला हा गेम दाखवला तर कथा त्यानं पाहिलीच नाही, घोड्याला खरारा करत बसला. त्यालाही शेवटी घोडा मेल्यावर वाईट वाटलं. तर ज्याचा त्याचा हातचा.

याच मालिकेत एक उसवलेली शिवणही आहे. पहिला 'रिडेम्प्शन' २०१० चा, पण कथा १९११ ची, नायक जॉन मार्स्टन. आर्थर तेव्हा लिहिलाच नव्हता, म्हणून जॉन त्याचं नावही काढत नाही. दुसऱ्या भागात ज्यानं त्याचा जीव वाचवला त्याचं नाव नाही! चाहते म्हणतात, दुःख इतकं की बोलवत नाही. मला ते सारवासारव वाटते. पण उलटा क्रम लावून खेळ, म्हणजे आधी दुसरा मग पहिला, आणि जॉन आपल्या शेतावर पोचतो तिथे बघ. ते घर दुसऱ्या भागाच्या शेवटी आपणच खिळे ठोकून बांधलेलं असतं, आणि त्याच शेतावर, कोठाराच्या दारासमोर, त्याला गोळ्या घालतात.

तिसरी मालिका 'याकुझा', जपानी गुंडटोळ्यांची. इकडे कमी लोक खेळतात, त्याचं मला वाईट वाटतं. २००५ पासून चालू. नायक किर्यू खराखुरा म्हातारा होत जातो, २०२४ च्या 'इन्फिनिट वेल्थ'मध्ये त्याला कॅन्सर आहे आणि जुन्या आठवणी तो एक एक करून गोळा करतो. पण माझ्या मते खरं पात्र आहे ती वस्ती, कामुरोचो. तोक्योच्या काबुकिचोवरून बेतलेली दोन-चार गल्ल्यांची जागा. जवळजवळ प्रत्येक भागात त्याच गल्ल्या, दुकानं बदललेली. '०' नावाच्या भागात १९८८ सालच्या एका रिकाम्या, खोलीएवढ्या जागेसाठी माणसं मरतात. जळगावच्या गोलाणी मार्केटात मी आता गेलो की जिथे गेमच्या सीड्या घ्यायचो तिथे मोबाइलची कव्हरं लटकलेली दिसतात, आणि पाय तरी त्याच जिन्याकडे वळतात. कामुरोचोत तस्संच होतं. बाकी किर्यू कोणाचा जीव घेत नाही असं गेम म्हणतो आणि आपण लोकांच्या डोक्यात सायकली घालतो, ते मनावर घ्यायचं नाही.

जिथे हातचा सुटला त्याचं उदाहरण 'असॅसिन्स क्रीड'. त्यातला नायक एझियो तीन भागांत आपल्यासमोर वाढला. जन्मला तेव्हा त्याचे हातपाय आपण बटणांनी हलवले, २०११ च्या 'रेव्हेलेशन्स'मध्ये पिकल्या दाढीनं शस्त्रं खाली ठेवली. फार छान. पण त्या सगळ्याला बांधणारा आजच्या काळातला डेस्मंड २०१२ मध्ये मेला, आणि त्यानंतर दर भागाला नवा देश, नवा नायक. नकाशे मोठे होत गेले. मागच्या भागात मी काय केलं होतं याचं पुढच्या भागाला देणंघेणं उरलं नाही. वाईट गेम नाहीत ते, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे नाही. आणि मारिओला खोली नाही म्हणून कोणी रडू नये, त्याला उडी आहे.

आता तुला काय करायचं ते. अर्धा झालेला गेम थांबव, सेव्ह राहू दे, तुझं मेमरी कार्ड कोणी पुसणार नाहीये. पीएस ४ वर 'गॉड ऑफ वॉर ३ रीमास्टर्ड' मिळतो, बहुतेक वेळा स्वस्तात. दहाएक तासांचा आहे. पहिल्या दोन भागांचा सारांश यूट्यूबवर बघितला तरी चालेल, तिसरा मात्र स्वतःच्या हातांनी खेळ. मग २०१८ चा परत पहिल्यापासून लाव. आणि झ्यूसपाशी स्क्रीन लाल झाल्यावर किती वेळ दाबत होतास ते इथे येऊन लिही. आमच्याकडचा विक्रम बराच मोठा आहे, पण आम्ही पाच जण होतो.