फोटोत केलेले बदल दुसरीकडे का दिसत नाहीत?

प्रश्न : अडोबी कंपनीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये मी घरच्या लग्नातील फोटोंचे रंग आणि उजेड सुधारले, कडा कापल्या, परंतु तेच फोटो विंडोजच्या फोल्डरमधून उघडले की कॅमेऱ्यातून आले तसेच दिसतात. कंट्रोल-एस दाबूनही फरक पडला नाही. माझे काम वाया गेले का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले काम सुरक्षित आहे. लाइटरूम फोटोतील मूळ चित्राला मुळात हातच लावत नाही. उजेड किती वाढवला, कडा कुठे कापल्या, या सूचना तो कॅटलॉग नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि फोटो पडद्यावर दाखवताना त्या लागू करतो. त्यामुळे कित्येक वर्षांनंतरही मूळ चित्राकडे परत जाता येते, आणि माझ्या मते हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे.

कंट्रोल-एस दाबल्यावर याच सूचनांची प्रत कॅटलॉगच्या बाहेर लिहिली जाते. जेपेग, टिफ आणि डीएनजी (अडोबीचा रॉ फोटोंसाठीचा प्रकार) यांत ती फाइलच्या आतच जाते, तर कॅनन किंवा निकॉनच्या रॉ फाइलशेजारी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलशेजारी, त्याच नावाची एक्सएमपी फाइल तयार होते. एक्सएमपी ही फाइलविषयीची माहिती लिहिण्याची पद्धत अडोबीने २००१ मध्ये आणली आणि २०१२ मध्ये तिला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. म्हणून शीर्षक, फोटोखालची ओळ, शोधशब्द आणि तारांकन डिजीकॅमसारखे इतर प्रोग्रॅमही वाचू शकतात. रंग आणि उजेडाच्या सूचनांचे मात्र तसे नाही. त्यांचा अर्थ अडोबीच्या स्वतःच्या प्रक्रियेवर अवलंबून असल्याने अडोबीच्याच कॅमेरा रॉ आणि ब्रिज या प्रोग्रॅमना त्या कळतात, डार्कटेबल हा दुसरा फोटो-प्रोग्रॅम त्यांतील मोजक्याच उचलतो आणि विंडोजचा फोटो दाखवणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे पाहतही नाही. डीएनजी फाइलमध्ये साठवलेले तयार छोटे चित्र, म्हणजे पूर्वदृश्य (प्रिव्ह्यू), लाइटरूममधून अद्ययावत करता येते, पण ते पूर्वदृश्य न वापरता स्वतः चित्र तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून बदल सर्वत्र दिसायचे असतील, तर फोटो एक्स्पोर्ट करणे, म्हणजे बदलांसह नवी प्रत काढणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. हवे ते फोटो निवडून कंट्रोल-शिफ्ट-ई दाबावे. नातेवाइकांना पाठवण्यासाठी जेपेग, रंगासाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांना चालणारी रंगपद्धत) आणि गुणवत्ता ८० ते ९० ठेवावी, तर पुढे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आणखी काम करायचे असल्यास १६ बिटची (रंगांच्या अधिक बारीक छटा साठवणारी) टिफ घ्यावी, कारण जेपेग पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी तिच्यातील थोडा तपशील जातो. या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि त्या मिळाल्या म्हणून मूळ फोटो कधीही पुसू नयेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. लाइटरूम बंद करताना जो बॅकअप घेतो तो फक्त कॅटलॉगचा असतो. फोटोंची प्रत आपली आपणच दुसऱ्या डिस्कवर घ्यावी लागते.

प्रश्न : जुन्या संगणकावर गुगलच्या पिकासा या फोटो-प्रोग्रॅममध्ये सुधारलेले फोटो नव्या संगणकावर आणले, तर सुधारणा नाहीशा झाल्या. त्या परत मिळतील का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : जुना संगणक चालू असेल, तर मिळतील. गुगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केले, तरी आधी बसवलेला प्रोग्रॅम चालतो. पिकासाच्या सूचना प्रत्येक फोल्डरमधील एका लपलेल्या आयएनआय फाइलमध्ये (सूचना साठवणाऱ्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये) असतात आणि त्या इतर प्रोग्रॅमना समजत नाहीत. जुन्या संगणकावर पिकासा उघडून एकेका फोल्डरचे बदल डिस्कवर सेव्ह करावेत, म्हणजे ते प्रत्यक्ष फोटोत उतरतात आणि मूळ फोटो पिकासा-ओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. नव्या संगणकावर प्रत करताना विंडोजमध्ये लपलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय चालू ठेवावा आणि तो फोल्डरही सोबत आला आहे ना, हे पाहावे. ते तपासल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नये.