अमेरिकेत शेत न पिकवण्याबद्दल सरकार जमीनमालकांना पैसे देते, हे खरे आहे का?

होय, पैसे मिळतात. मात्र ते शेत ओसाड टाकण्याबद्दल नव्हे, तर पिकाऐवजी तेथे गवत किंवा झाडे लावून ती वर्षानुवर्षे सांभाळण्याबद्दल मिळतात, आणि हा फरक केवळ कागदावरचा नाही. मातीचे नमुने घेण्याच्या कामासाठी मी आग्नेय कोलोरॅडोतील बाका काउंटीत दोन हंगाम काढले (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा). तेथे जे पाहिले त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

१९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांत जे भाग सर्वाधिक होरपळले, त्यांपैकी हा एक. वर्षाकाठी जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुळातला गवताळ माळ गव्हासाठी नांगरला गेला आणि अवर्षण पडताच त्याची माती वाऱ्यावर गेली. सध्याची योजना, म्हणजे कन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, आली ती १९८५ च्या कृषी कायद्याने. त्या काळी धान्याचे भाव पडलेले होते आणि शेतकरी कर्जात बुडालेले होते, त्यामुळे जमिनीची धूप थांबवावी आणि जास्तीचे उत्पादनही आवरावे, अशी दुहेरी अपेक्षा तिच्याकडून होती.

मालक सरकारशी दहा ते पंधरा वर्षांचा करार करतो आणि त्याला दर वर्षी ऑक्टोबरात एकरी भाडे मिळते. हे भाडे त्या काउंटीतील कोरडवाहू जमिनीच्या खंडावर आणि मातीच्या प्रतीवर ठरते, गवत लावण्याचा निम्म्यापर्यंत खर्चही मिळतो, आणि एका व्यक्तीला वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा अधिक भाडे घेता येत नाही. करार मध्येच मोडला, तर तोवर घेतलेली सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते.

हा पैसा वाया जात नाही, हे मला एका कुंपणापाशी उमगले. अलीकडे गव्हाचे पड ठेवलेले रान होते, पलीकडे करारातील गवत. वारा सुटला तेव्हा अलीकडची माती पोटऱ्यांवर सुईसारखी टोचत होती. पलीकडे जाऊन ग्रामा गवताचा ठोंब खुरप्याने उचलला, तर केसासारख्या मुळ्यांना मातीचे दाणे घट्ट चिकटून आले आणि खालची माती हाताला गार लागली.

माझी तक्रार आहे ती पैसा कोणाकडे जातो याबद्दल. भाडे मालकाच्या नावे निघते, आणि अनेक मालक आता दूरच्या शहरांत राहतात. जमीन खंडाने कसणारा, ज्याला आपण कूळ म्हटले असते, त्याला डावलून करार करता येत नाही असे नियम सांगतो. पण खंडाची मुदत संपली आणि मालकाने ती वाढवली नाही, की कुळाच्या हाती काही उरत नाही. गवताला दर साल बियाणे, खत, डिझेल लागत नाही, त्यामुळे गावातल्या दुकानदाराचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याचा आणि धान्य साठवणाऱ्याचा धंदाही बसतो. काउंटीतील वहितीखालच्या जमिनीपैकी साधारणपणे २५ टक्क्यांहून अधिक जमीन योजनेत घेऊ नये, ही कायद्यातील मर्यादा याच भीतीपोटी आहे.

तरीही ही योजना बंद करावी असे मी म्हणणार नाही, कारण या माळावर गवत मोडून पुन्हा नांगर घालणे मला धोक्याचे वाटते. २००८ च्या कृषी कायद्याने एक तरतूद आणली: करार संपल्यावर मालकाने जमीन नवख्या शेतकऱ्याला विकली किंवा दीर्घ मुदतीच्या खंडाने दिली, तर त्याला आणखी दोन वर्षांपर्यंत भाडे मिळते. माझ्या मते अधिक पैसा या तरतुदीकडे वळवावा, आणि तोही त्या गवतावर गुरे चारून तेथेच राहू इच्छिणाऱ्या तरुण कुटुंबांना आधी जमीन मिळेल अशा बेताने.